सामू साडेचार

वरचे दोन बोटं काळं.
ओकची कुजकी पानं, बुरशीचे पांढरे दोरे,
मागच्या हिवाळ्यातली एक अक्रोडाची कवटी.
त्याखाली फिकट थर, शंभरदा धुतलेल्या फडक्यासारखा.
मग पिवळी चिकणमाती,
गिरमीट अशी धरून बसते
की सोडवायला गुडघा लावावा लागतो.
अडीच फुटांवर शेल. ओला असला की नखानंही सुटतो,
पापुद्रा पापुद्रा,
भिजून वाळलेल्या वहीसारखा.

हे मी तीस वर्षं लिहीत आलोय,
केंटकीच्या या डोंगरांत, उताराचे अंश मोजून.
रंग: पुस्तकातल्या चौकोनाशी जुळवून.
पोत: ओला गोळा अंगठ्यानं पुढे ढकलत
फीत काढायची, तुटेपर्यंत.
इथली फीत तीन इंच येते. 
सामू: साडेचार.

आज मात्र मला नकाशासाठी बोलावलेलं नाही.
रस्ता येतोय, चौपदरी.
त्याच्या आड आलेल्या अकरा कबरी उचलून झाल्यात.
बारावी सापडत नाही.

व्हर्डी नेपियर घडीच्या खुर्चीत बसलीय,
मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.
वय चौऱ्याऐंशी.
"ऑलेटा," ती म्हणते. "नऊ महिन्यांची.
मी सहाची होते, कंदील मीच धरला होता.
डोक्याशी बाबांनी याच डोंगरातली एक चीप उभी केली."
ती चीप केव्हाच झडून गेलीय,
शेल आहे तो, नाव कुठवर धरून ठेवणार.

कंत्राटदाराचा मुलगा टोपी काढून सांगतो,
खणलं बाई, काहीच नाही.

नसणारच.
पाऊस हजारो वर्षं या मातीतून चुना वाहून नेतोय,
आणि खालच्या खडकाकडे परत द्यायला नाही.
हाड तरी काय असतं, बरंचसं चुनाच.
एवढ्याशा बाळाचं तर
माती एका पिढीत पिऊन टाकते.
हे मी तिला सांगितलं नाही.
खड्ड्यात उतरलो, खुरप्यानं भिंत तासली.

काळं. फिकट. पिवळं. रेघ सरळ चाललेली,
आणि एका जागी, दोन हातांच्या रुंदीत,
रेघच नाही.
पिवळ्यात काळ्याचे गोळे, शेलच्या कपच्या वर आलेल्या,
फिकट थर कुठे हरवलेला.
खड्डा बुजवताना कुणी खालची खाली, वरची वर
अशी माती लावत बसत नाही.
त्या रात्री तर मुळीच नसेल बसलं.

"इथे," मी म्हणालो.

ती उठून काठापर्यंत आली. वाकून बघितलं.
बराच वेळ.
मग भलतंच विचारलं:
"आई इथे दर वसंतात लायलॅक लावायची.
दर वर्षी मरायचं. सोळा वर्षं.
म्हणायची, माझ्या हातून काहीतरी घडलंय,
देव इथे काही उगवू देत नाही.
तुम्ही मातीतले. तुम्ही सांगा."

मी चाचणीची नळी तिच्यापुढे धरली. 
पिवळा रंग. साडेचार.
"चुना हवा होता," मी म्हणालो, "दोन पोती.
एवढंच."

एवढंच, ती म्हणाली.
आणि पुन्हा: दोन पोती.
जणू भाव विचारून दुकानातून परत निघालीय.

फॉर्मवर 'अवशेष' असा रकाना आहे.
मी लिहिलं: माती, मिसळलेली,
लांबी तीन फूट, खोली सव्वादोन.
मुलांनी ती फावड्यानं नाही, हातांनी भरली
पाइनच्या एका छोट्या पेटीत.
चिकणमाती ती, बोटांना सोडेना.

काठावर ब्लूबेरीची झुडपं दाटली होती,
कुणी न लावता. त्यांना हीच माती लागते,
आंबट, चुन्याविना, शेलवरची.
व्हर्डीनं एक तोडली.
"आईनं यांना कधी हात लावला नाही," ती म्हणाली,
तोंडात टाकली,
आणि दुसरी माझ्यापुढे धरली,
माझे हात मातीचे म्हणून
थेट ओठांशी.